वीस मिलीचं माप

अब्बा कुवेतला होते तेव्हा, १९८४ साली, आमच्या घरी बजाज चेतक आली. त्या काळी या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावं लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे. आखातातल्या कष्टांची ती निशाणी अब्बांनी मालवणच्या खाऱ्या वाऱ्यातही जपली. गेल्या वर्षी त्यांचे हात थरथरू लागले आणि स्कूटर माझ्याकडे आली.

यंदा पावसाळ्यानंतर कट्ट्याच्या वाटेवरचा चढ तिला झेपेना. मागे निळसर धूर, आवाज कोंडलेला. भाऊ फोनवर म्हणाला, "भंगारात दे आता." अब्बा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खळ्यात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "बेटी, पाने आण."

इंजिन थंड होतं. उजवीकडचं झाकण उघडून मी प्लग काढला. टोक काळंकुट्ट, तेलाने ओलं.

"पेट्रोलात तेल किती घालतेस?"

"लिटरला चाळीस मिली तरी. जुनी गाडी, तिची काळजी घ्यायला नको?"

अब्बा हसले. "टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातलं तेलच पिस्टनला वंगण देतं आणि पेट्रोलाबरोबर जळतं. जास्तीच्या तेलाची काजळी धरते. धूर जायची वाट अरुंद झाली की ताजं पेट्रोल आत येईना. या गाडीला लिटरला वीस मिली, बस्स. कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर इंजिन गुदमरतं."

हेडचे चारही नट समोरासमोरचे घेत थोडे थोडे सैल केले. पिस्टन वर आणून त्याच्या माथ्यावरची काजळी खरवडली, तीही बांबूच्या चिपेने. स्क्रूड्रायव्हरने मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. सायलेन्सर काढून धुराची वाट मोकळी केली. काजळीचा कणही सिलिंडरमध्ये राहू नये म्हणून अब्बा चष्मा पुसून पुसून पाहत होते. नट पुन्हा तसेच समोरासमोरचे आवळले. नवा प्लग बसवला. तिसऱ्या किकला इंजिन बोललं.

हात धुताना माझ्या मनात त्यांचंच वाक्य घोळत होतं. वर्षभर मी अब्बांना एकट्याने कुठे जाऊ दिलं नव्हतं. मशीद चार घरं पलीकडे, तरी सोबत कुणीतरी हवंच. चहाचा कपसुद्धा मी त्यांच्या हाती भरून देत नसे. ते तक्रार करत नसत, पण बोलणं कमी झालं होतं.

असरची अज़ान झाली. अब्बांनी काठी उचलली आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"जाऊन या, अब्बा," मी म्हणाले, आणि पाने पुसत खळ्यातच बसले.