पेन्सिल पुसताना

तीसहून जास्त वर्षं मी कोल्हापुरातल्या मुली गोऱ्या केल्या. आधी शिसपेन्सिलीनं, नंतर संगणकावर. त्या कामाचा मला अभिमान होता. हे चूक आहे असं कुणी म्हणालं तर मी भांडायला उठायचो. आज मला ते चूक वाटतं, आणि असं का झालं ते सांगायचं तर आधी ते काम काय होतं ते सांगायला हवं.

मिरजकर तिकटीच्या मागच्या बोळात आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोटो स्टुडिओ. 1983 साली बारावी नापास झालो आणि तिथं उभा राहिलो. तेव्हा स्टुडिओचं निम्मं पोट ‘दाखवायच्या फोटो’वर भरायचं. स्थळाकडं पाठवायचा मुलीचा फोटो: काठापदराची साडी, एक हात खुर्चीच्या पाठीवर, मागं पडद्यावर रंगवलेला जिना. मुलीबरोबर आई किंवा मावशी असायची, कधी वडील. मुलगी आत पावडर लावत असताना बाहेर हळूच सांगितलं जायचं, “आण्णा, जरा उजळ काढा की. पोरगी गुणाची हाय, पण रंगानं मार खातीया.”

आण्णा दिवा जवळ घ्यायचे, पण खरं काम रात्री. टचिंगचं एक उतरतं लाकडी मेज होतं, मध्ये दुधी काच, खालून उजेड. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, पेन्सिल धरावी म्हणून तिच्यावर एक चिकट द्राव चोळायचा आणि सॅंडपेपरवर सुईसारखी घासलेली टणक पेन्सिल फिरवत बसायचं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं पारदर्शक ठिपका होऊन येतो. तो पेन्सिलीनं भरला की तिथून उजेड कमी जातो आणि कागदावर ती जागा पांढरी उमटते. मुलीला गोरं करायचं तर निगेटिव्ह काळी करायची. डोळ्यांखालची वर्तुळं, वांग, देवीचे वण, नाकाच्या कडेची सावली, सगळं स्वल्पविरामाएवढ्या बारीक रेघांनी भरायचं. आण्णांच्या रेघा गोल वळणाच्या होत्या, माझ्या तिरक्या. जाणकार माणूस भिंगाखाली बघून कुणाचा हात आहे ते सांगू शकला असता.

आण्णा म्हणायचे, फोटो म्हणजे अर्ज. अर्जात कुणी आपली खोट लिहितं का? मला ते पटायचं. तीन-तीन मुलींचे बाप काउंटरवर यायचे. अकरा जणांनी बघून नाकारलेली मुलगी बाराव्या वेळी फोटोला बसायची, तिच्याकडं बघवायचं नाही. आपण चार रेघा मारल्यानं तिचं लग्न जमत असेल तर त्यात पाप कसलं? वधू पाहिजेच्या जाहिरातींत ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ हे तीन शब्द छापलेले असायचेच. जग तसं आहे, आपण फक्त वाट सोपी करतोय, असं मी मनापासून मानत होतो.

हिंदुस्थान लिव्हरनं फेअर अँड लव्हली हे गोरेपणाचं क्रीम 1975 साली बाजारात आणलं, त्यामुळं मी कामाला लागलो तेव्हा त्याची ट्यूब घरोघरी पोचलेली होती. तिच्या जाहिरातीची गोष्ट दर वेळी एकच असायची. काळी मुलगी उदास, गोरी झाली की तिला नोकरी लागते नाहीतर स्थळ येतं. 1994 मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी जागतिक सौंदर्यस्पर्धा जिंकल्या आणि आमच्या गल्लीत वर्षभरात दोन ब्यूटी पार्लरं उघडली. मुली आता मासिकातलं कात्रण घेऊन यायला लागल्या, “मामा, अशी दिसायला पाहिजे.” स्मिता पाटीलचे ‘जैत रे जैत’ आणि ‘उंबरठा’ बघून ज्या आया तिच्यावर जीव टाकत होत्या, त्याच आया स्वतःच्या तसल्याच सावळ्या मुलीला घेऊन माझ्यासमोर मान खाली घालून उभ्या राहायच्या. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. ती पडद्यावरची, ही घरातली, एवढंच.

त्या कात्रणांमागं काय असतं ते मला कुणापेक्षाही जास्त माहीत होतं आणि तरी मी गप्प राहिलो, ही माझी मोठी चूक. 2003 मध्ये आमच्याकडं संगणक आला आणि साड्यांच्या दुकानांच्या होर्डिंगची कामं मिळायला लागली. एका दिवाळीला पुण्याहून मॉडेल आणली होती. देखणी पोर, तशात दिवसभर उभी, तापही होता तिला. हनुवटीवर पुटकुळ्या, कोपरं काळवंडलेली, पोटावर ऑपरेशनचा व्रण. रात्री बसून मी तिचे दंड बारीक केले, कंबर दोन्ही बाजूंनी आत घेतली, व्रण पुसला, रंग तीन पायऱ्या उजळला. पंधरा दिवसांनी ते होर्डिंग चौकात लागलं. त्याखालून जाणाऱ्या हजारो बायका ज्या बाईशी स्वतःला ताडून बघत होत्या, ती बाई अस्तित्वातच नव्हती. स्वतः त्या मॉडेललाही तसं दिसता आलं नसतं. हे मला ठाऊक असूनही दुसऱ्या दिवशी कात्रण घेऊन आलेल्या मुलीला मी हे सांगितलं नाही. तिला म्हणालो, “करू की तसं.”

फोटोग्राफरांच्या तोंडी एक वाक्य असतं, ‘चेहरा उठत नाही.’ रंगीत फिल्म आल्यावर ते फार वाढलं. लग्नाच्या फोटोत सावळ्या नवरीचा चेहरा डबक्यासारखा यायचा, डोळे आणि दात तेवढे दिसायचे. आम्ही दोष तिच्या कातडीला द्यायचो. पुष्कळ वर्षांनी वाचलं की दोष फिल्ममध्येही होता. कोडॅक कंपनी रंगांचा मेळ तपासायला लॅबना एका गोऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड द्यायची. त्या पहिल्या मॉडेलच्या नावावरून ते ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखलं जाई. तिची कातडी नीट आली की रंग बरोबर. तपकिरीच्या बारीक छटा नीट याव्यात म्हणून तक्रार केली ती लाकडी फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांनी, त्यांचा माल जाहिरातीत धड दिसेना म्हणून. त्यानंतर फिल्म सुधारत गेली. ज्याँ-लुक गोदार या दिग्दर्शकानं तर 1977 साली मोझांबिकमध्ये कोडॅकची फिल्म वापरायलाच नकार दिला होता. त्यानंतर काही वर्षांनीही मी फिल्मवर विश्वास ठेवायला शिकत होतो, आणि मुलींच्या चेहऱ्यावर अविश्वास.

2006 मधली एक गोष्ट मी बरीच वर्षं तक्रारीसारखी सांगत आलो. ज्युनिअर कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई एकट्याच आल्या. वधूवर मंडळासाठी फोटो हवा होता. म्हणाल्या, “टचिंग करू नका. नंतर त्यांना मीच दिसणार आहे.” मी हो म्हणालो आणि टचिंग केलं. सवयीनं केलं, आणि त्यांच्या भल्याचं त्यांना कळत नाही अशा समजुतीनंही केलं. फोटो हातात घेऊन त्यांनी विचारलं, “ही कोण?” पैसे दिले, फोटो काउंटरवरच ठेवला आणि पायऱ्या उतरून गेल्या. शिष्ट बाई, असं मी आण्णांना सांगितलं.

तो प्रश्न मला 2021 मध्ये कळला.

त्या साली दुसऱ्या लाटेनंतर स्टुडिओत एकच काम होतं, गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून द्यायचे. आंबेवाडीची एक तरुण मुलगी आली. आई कोरोनात गेलेली. 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरलं, लग्नाचा अल्बम ट्रंकेतच लगदा झाला. मतदान कार्डावरचा चेहरा म्हणजे नुसता काळा ठसा. मोबाइलमधल्या फोटोंत ब्यूटी मोड चालू राहिलेला, त्यामुळं पन्नाशीची बाई मेणासारखी गुळगुळीत. शेवटी आजोळी एक फोटो सापडला, 1988 चा, दाखवायचा. मागं आमच्या स्टुडिओचा शिक्का आणि नंबर.

मी स्कॅन करून पडद्यावर मोठा केला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “मामा, आईच्या हनुवटीवर तीळ होता. ह्यात न्हाई. आणि आई माझी चांगली काळी होती ओ.”

मी माउस हातात घेतला आणि रंग उतरवायला लागलो. हनुवटीवर एक ठिपका ठेवला. ती म्हणाली, “जरा खाली. तसा न्हवता, लांबट होता.” ठिपका सरकवता सरकवता माझा हात थांबला. एक खोटं झाकायला मी दुसरं रंगवत होतो.

आण्णांची शिस्त अशी की प्रत्येक निगेटिव्ह बटर पेपरच्या पाकिटात, पाकिटावर नंबर, नंबर वहीत. आमच्या बोळात पुराचं पाणी येत नाही. माळ्यावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती निगेटिव्ह सापडली. भिंगाखाली धरली आणि मला माझ्या रेघा दिसल्या. तिरक्या. गालभर, कपाळभर, आणि हनुवटीवर एक छोटा भरीव ठिपका.

पेन्सिल वरवरची असते, फिल्मच्या आत जात नाही. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि अलगद फिरवला. बोळा करडा झाला, मग काळा. हनुवटीवर सुईच्या टोकाएवढा उजेड उघडला, लांबट. डाव्या भुवईच्या वर एक खोक निघाली. पुन्हा स्कॅन केलं, गडद ठेवलं, दिव्यानं उजळलेलं तेवढं खाली आणलं. पडद्यावर वीस-एकवीस वर्षांची काळीसावळी मुलगी आली, थोडी घाबरलेली. लेकीनं भुवईवर बोट ठेवलं. “झोक्यावरनं पडलेली. आजी सांगायची.”

मग तिनं विचारलं, “मामा, तुम्ही का वो पुसलं होतं?”

मी म्हणालो, तुझ्या आजोबांनी उजळ काढा म्हणून सांगितलं होतं. ते खरंच असणार, सगळेच सांगायचे. पण तीळ काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं. खोक भरायला सांगितलं नव्हतं. ते मी आपणहून केलं. समोर बसलेल्या माणसात दुरुस्त करण्यासारखं काय आहे एवढंच बघायला माझे डोळे शिकले होते. जग तसं आहे म्हणून मी वाट सोपी करतो, असं जे मी समजत होतो, ते त्या रात्री माझ्यापुरतं संपलं. त्या जगाच्या भिंती रंगवणाऱ्यांत मी होतो.

2014 मध्ये जाहिरात मानक परिषदेनं नियम केला की काळ्या रंगाच्या माणसाला जाहिरातीत दुःखी किंवा कमी दाखवायचं नाही. 2020 मध्ये फेअर अँड लव्हलीच्या नावातला ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. फ्रान्समध्ये 2017 पासून मॉडेलचं अंग बारीक-जाड केलेल्या जाहिरातीवर ‘दुरुस्त केलेला फोटो’ असं छापावं लागतं. मला यातलं फ्रान्सचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात माझ्यासारख्याच्या हाताची नोंद होते. आपल्याकडंही साड्यांच्या आणि दागिन्यांच्या प्रत्येक होर्डिंगवर ती ओळ असावी, मोठ्या अक्षरात, चौकातून वाचता येईल अशी.

मी आता रंग बदलत नाही. आठ दिवसांत जाणारी पुटकुळी कुणी सांगितली तर काढतो, जन्माचा तीळ काढत नाही. होर्डिंगची कामं सोडली. काही गिऱ्हाईक समोरच्या बोळात गेलं, त्यांचा राग नाही. मुलगेही येतात हल्ली, जिममधले, दंड फुगवून द्या म्हणतात. त्यांना मोबाइलवर तसल्याच फोटोचं आधीचं आणि नंतरचं रूप दाखवतो.

आणि प्रकाश नव्यानं शिकतोय. अंबाबाईचा किरणोत्सव मी लहानपणापासून बघत आलो, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, आधी पायांवर, मग वर चढत चेहऱ्याकडं. मूर्ती काळ्या पाषाणाची. त्या किरणांत पाषाण पांढरा होत नाही, काळाच राहतो, पण त्याची प्रत्येक कड दिसते. इतकी वर्षं मी समोरून दिवा मारून चेहरे सपाट करत होतो. आता दिवा खाली आणि बाजूला घेतो, पावडर पुसायला सांगतो. सावळा गाल तेव्हा कसा चमकतो ते मुलींनाच पडद्यावर दाखवतो. काही जणी गप्प होतात. एक जण म्हणाली, “ही मीच काय?” आणि तिनं दोन प्रती घेतल्या.

माळ्यावर अजून चौदा डबे आहेत. रोज दुकान बंद केल्यावर एखादं पाकीट उघडतो. वहीतल्या पत्त्यावर ओळखीचं कुणी असेल तर निरोप धाडतो, विचारल्याशिवाय पुसत नाही. उत्तरेश्वर पेठेतल्या एक आजी म्हणाल्या, राहू दे बाबा तसाच, त्याच फोटोवर माझं लग्न जमलंय. त्यांची निगेटिव्ह पाकिटात परत ठेवली. दुसऱ्या एक जणी, माझ्याच वयाच्या, नातीला घेऊन आल्या आणि मेजाशेजारी स्टूल ओढून बसल्या. मी बोळा भिजवला. नात भिंगाला डोळा लावून होती. थोड्या वेळानं ती ओरडली, “आज्जी, तुला पण माझ्यासारखं नाक हाय!”