न घेतलेल्या धावा

१९ ऑक्टोबर २०२३. विश्वचषकातला भारत-बांगलादेश सामना गहुंजेला होता. निगडीहून गहुंजे तसं जवळच. भक्ती-शक्ती चौक सोडला, देहूरोड मागं टाकलं की आलंच. सामना दुपारी दोनचा, पण आम्ही साडेदहालाच निघालो. व्हीलचेअर डिकीत, अण्णा पुढच्या सीटवर.

अण्णांची सगळी नोकरी टेल्कोच्या टूलरूममध्ये गेली. निवृत्तीनंतर मणक्याला मार बसला आणि कमरेखालचं शरीर त्यांचं ऐकेनासं झालं. खुर्ची आली तशी तिचे नियमही आले. पहिला नियम टूलरूममधलाच होता: दुसऱ्याच्या मशिनला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. उतारावर खुर्ची उलटी घ्यायची, म्हणजे वजन ढकलणाऱ्याच्या अंगावर राहतं, बसलेला पुढं कोसळत नाही. उचलायची तर फ्रेमला धरून. हात टेकायच्या दांड्या निखळतात. हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो, बोलणी खात खात.

मुरलीकांत पेटकर टेल्कोत नोकरीला होते, याचा अण्णांना कोण अभिमान! १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेला हा सांगलीकडचा जवान १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहला आणि ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आला. देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. गाडीत अण्णांनी तो किस्सा पुन्हा काढला आणि शेपूट नेहमीचंच जोडलं, "त्यांना तिथं जाता यावं म्हणून धडपडला कोण? विजय मर्चंट. पोहणाऱ्याच्या पदकात एका क्रिकेटवाल्याचा वाटा आहे, ध्यानात ठेव."

आत खुर्ची नीट राहील अशी सपाट जागा मिळाली. मी ब्रेक लावले. मैदान समोर हिरवंगार. अण्णांनी आधी स्टँडच्या छताचं पोलादी काम निरखलं, मग खेळपट्टी.

नवव्या षटकापर्यंत सगळं झकास चाललं होतं. लिटन दासचा फटका पायानं अडवताना हार्दिक पांड्या घसरला, घोटा दुखावला आणि तो लंगडत बाहेर गेला. षटकाचे तीन चेंडू उरले होते. ते टाकायला कोहली आला आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. मीही राहिलो, ओरडलोही. मग खाली पाहिलं. अण्णांच्या डोळ्यांपुढं निळ्या पाठींची भिंत होती, प्रत्येक पाठीवर १८ आकडा. ते शांतपणे त्या आकड्यांकडं बघत बसले होते.

सात वर्षं खुर्ची ढकलत होतो, पण अण्णांना काय दिसतं, हे कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं.

पुढच्या रांगेत सहा-सात पोरं होती. चाकणला कंपनीत कंत्राटावर, बोलण्यावरून लातूरकडची. त्यातल्या एकानं सहज मागं पाहिलं आणि मित्राचा शर्ट ओढला. "ए, खाली बसा रे. काकांना दिसंना."

तिथून पुढं त्यांचा एक खेळच झाला. चौकार गेला की पोरं उसळायची, अर्ध्यातच आठवायचं, मग "बसा, बसा" करत धपाधप खाली. त्यांच्याही पुढच्या रांगेला त्यांनीच बसवलं. अण्णांना संकोच वाटला. "अरे, नाचा की! मी पडद्यावर रिप्ले बघतो."

"रिप्ले घरी पण दिसतंय की, काका."

बांगलादेशच्या २५६ धावा. पाठलागात शेवटी हिशोब असा उरला की विजयाला लागतील तेवढ्याच धावा कोहलीला शतकाला हव्या. आयत्या एकेरी धावा राहुल नाकारू लागला. कोहली ९७ वर, जिंकायला दोन. सगळं स्टेडियम पायांवर, आणि आमच्या पुढ्यातली ती दोन रांगांची खिडकी तेवढी खाली. पोरं उकिडवी, एकमेकांचे खांदे दाबून धरलेली. नसुमचा चेंडू मिडविकेटवरून उडाला. तो प्रेक्षकांत पडेपर्यंत एकही पोरगं उठलं नाही. अण्णांनी तो षटकार बॅटपासून शेवटपर्यंत पाहिला. मग स्वतःच ओरडले, "आता उठा!"

बाहेर पडताना एके ठिकाणी चाकं मातीत रुतली. पोरं धावली, पण हात लावायच्या आधी त्यातला एक थबकला. "काका, उचलू का?" अण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात माझा सात वर्षांचा अभ्यासक्रम होता.

"उचला. फ्रेमला धरा."

खुर्ची मोकळी झाली. "काका, येतो," म्हणत पोरं गर्दीत मिसळली. सकाळच्या पाळीची घाई असणार. नाव विचारायचं राहून गेलं. नंबर घ्यायचाही.

परतीच्या वाटेवर अण्णा बराच वेळ गप्प होते. देहूरोड ओलांडल्यावर म्हणाले, "शतक कोहलीच्या नावावर लागलं. बरोबरच आहे. पण राहुलनं न घेतलेल्या धावा कुठं मांडतात रे?"

मी काही बोललो नाही. मला ती उकिडवी पोरं दिसत होती. महिन्याच्या पगारातून पैसे काढून, रजा टाकून आलेली, आणि आयुष्यात एकदाच मिळणारा जल्लोष सेकंद-दोन सेकंद दाबून धरलेली. ते सेकंद मोठे नव्हेत, पण त्यांची परतफेड कुणाला करायची? माणसंच हरवली.

मी चाकणलाच कामाला जातो. पाळी सुटली की तळेगाव चौकात पोरांचे लोंढे दिसतात. ओळख पटायची शक्यता नाही, तरी चेहरे बघतो. आणि सोसायटीच्या हॉलमध्ये असो की मैदानावर, चौकार गेला की आता मी आधी मागं वळून बघतो.