शिवसागराच्या पाण्यावर दोन दिवस

माघ सरत आला की साताऱ्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत ऋतू कूस बदलू लागतो. पहाटे अजून शाल लागते, दुपारी मात्र सावली शोधावी लागते. कोसंबाला तांबूस पालवी येऊ लागते, पाने झडलेल्या काटेसावरीवर आणि पांगाऱ्यावर लाल फुले दिसू लागतात. कुटुंबासह दोन दिवस कोठे जावे, असा विचार आपल्या मनात असेल, तर या दिवसांतील कोयनेचा शिवसागर जलाशय अवश्य पाहावा. साताऱ्याहून कासचे पठार ओलांडले की सुमारे ३५ ते ४० किलोमीटरवर बामणोली लागते. महाबळेश्वराकडून येणाऱ्यांना घाट उतरून तापोळ्यास जाता येते. दोन्ही ठिकाणी भाड्याच्या लाँच मिळतात.

घाटातील वळणांनी ज्यांना मळमळते, त्यांनी निघताना पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. गाडीत पुढच्या आसनावर बसून नजर दूरच्या रस्त्यावर ठेवावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यायची असेल, तर ती प्रवासापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी होतो.

पहिल्या दिवशी दुपार कलल्यावर लाँचमध्ये बसावे आणि तापोळ्याजवळच्या संगमाकडे जावे. येथे सोळशी आणि कांदाटी या नद्या कोयनेला मिळतात. कोयना महाबळेश्वरी उगम पावते, डोंगररांगांमधून दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेस भेटते. १९६०च्या दशकात धरण पूर्ण झाले आणि तिच्या दरीत सुमारे ५० किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. त्यातील बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे उतरते आणि तेथे वीज निर्माण होते. या पाण्याखाली शेते आहेत, घरांची जोती आहेत. अनेक कुटुंबांना ठाणे, रायगड, सोलापूर अशा दूरच्या जिल्ह्यांत नव्याने संसार मांडावा लागला. लाँचचा वेग मंदावला की ही आठवण मुलांना जरूर सांगावी.

आपल्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ही आठवण मोलाची आहे. हे नैसर्गिक तळे नव्हे, ही बुडालेली दरी आहे. समुद्रकिनाऱ्यावर पाणी हळूहळू खोल होत जाते. येथे काठ म्हणजे डोंगराचा उतार असतो. दोन पावले गुडघाभर पाणी आणि तिसरे पाऊल अथांग, असे सहज घडू शकते. उन्हाळ्याच्या दिशेने पाण्याची पातळी उतरत जाते आणि तांबड्या मातीचा निसरडा काठ उघडा पडतो. म्हणून पाणी कितीही निवांत दिसले तरी पोहण्याचा मोह टाळावा आणि मुलांना काठाशी एकटे सोडू नये.

बुडणाऱ्या माणसाविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तो हात हलवील, ओरडेल, असे आपणांस वाटते. प्रत्यक्षात श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला बहुधा ओरडता येत नाही; मूल तर काही क्षणांत निःशब्दपणे पाण्याखाली जाते. लाइफ जॅकेट आसनाखाली ठेवलेले असून उपयोग नाही, ते अंगावर बांधलेले हवे. मुलाला जॅकेट घातल्यावर खांद्यांपाशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटी ओलांडून कानांपर्यंत सरकत असेल, तर ते मोठे आहे, दुसरे मागावे. ज्यांना अपस्माराचा त्रास आहे, त्यांनी गोळ्यांची वेळ चुकवू नये आणि जॅकेट क्षणभरही काढू नये. मद्यपान केलेल्या व्यक्तीला लाँचमध्ये घेऊच नये.

दुर्दैवाने कोणी पाण्यातून बेशुद्ध बाहेर काढला गेला, तर त्याला उलटे टांगण्यात किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास थांबला असेल, तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब द्यावा आणि हे आळीपाळीने चालू ठेवावे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. दऱ्यांमध्ये मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळत नाही. म्हणून कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघावे. हे श्वास आणि दाब देण्याचे प्रशिक्षण घरातील एकाने तरी घेतलेले असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन विभागाची परवानगी घेऊन वासोट्याकडे निघावे. बामणोलीहून लाँचने साधारण दीड तास लागतो. मग गर्द अरण्यातून खडी चढण सुरू होते. शिवकाळात या गडाला व्याघ्रगड असे नाव मिळाले. १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. हे अरण्य आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी गडाचा हट्ट धरू नये; पाण्याकाठची सावली आणि खंड्याची झेप हाही पुरेसा लाभ आहे. मधुमेहींनी खाण्याची वेळ सांभाळावी, खिशात साखर ठेवावी. जंगलातून आल्यावर पाय, काखा, मान तपासून गोचीड नाही ना, हे पाहावे.

पाण्यावरच्या गार वाऱ्यात ऊन जाणवत नाही आणि तहानही लागत नाही. ऊन वरून येते, तशी त्याची तिरीप पाण्यावरूनही येते. रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे वापरावे. स्वच्छतागृहाची सोय नसेल म्हणून पुष्कळ भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत; सहलीनंतरच्या आठवड्यात लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन त्या दवाखान्यात येतात. लाँचमध्ये चढण्यापूर्वी सोय विचारून घ्यावी, पण पाणी तोडू नये.

अशा सहलीने रक्तदाब कायमचा उतरतो, असे मी म्हणणार नाही. परंतु लाँचमध्ये फळ्यांवर समोरासमोर बसलेले कुटुंब दोन तास एकमेकांकडे आणि डोंगरांकडे पाहते, त्या रात्री लवकर आणि गाढ झोपते, हे मी पाहिले आहे. या विश्रांतीची किंमत आपण फार कमी लेखतो. ती निर्वेध मिळावी, एवढ्यासाठी वरची सारी पथ्ये. लाँचमध्ये पाऊल ठेवताच आपल्या जॅकेटचे बंद आधी आपण बांधावे. मग मुलांना दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.