रत्नागिरीहून शिखरजी, गाडीनं



येत्या मार्गशीर्षात आम्ही सम्मेद शिखरजीला निघालोय. रत्नागिरीच्या समुद्रापासून झारखंडातल्या पारसनाथ डोंगरापर्यंत, आपल्या गाडीनं. जवळजवळ दोन हजार किलोमीटर. "रेल्वे सोडून एवढा खटाटोप कशाला?" असं बऱ्याच जणींनी विचारलं. कारण आमच्या सासूबाई. वय ७३, गुडघे आखडलेले. गाडी हवी तिथे थांबवता येते, पाय मोकळे करता येतात. आणि त्यांचं जेवण-पाणी शोधाचं, ते डब्यात बसून सांभाळणं अवघड.

चोवीसपैकी वीस तीर्थंकर ज्या डोंगरावरून मोक्षाला गेले, तो सासूबाईंनी अजून पाहिलेला नाही. सासरे असताना दोनदा ठरलं, दोनदा राहिलं. आता त्या म्हणतात, "यंदा नाही तर नाहीच." म्हणून यंदा.

आमच्या ह्यांनी पहिल्यांदा कागद घेतला आणि रोज पाचशे किलोमीटर धरून चार दिवसांत मधुबन गाठलं. मी कागद उलटा केला आणि वर फक्त सूर्यास्ताच्या वेळा लिहिल्या. डिसेंबरात रत्नागिरीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तिकडे पूर्वेला पाचच्या सुमारासच. सासूबाई सूर्यास्ताच्या दोन घडी आधी तोंड बंद करतात. म्हणजे घरून निघताना सव्वापाचला संपणारं जेवण मधुबनला सव्वाचारला संपायला हवं. जेवण करायचं, तर गाडी तीनला थांबली पाहिजे. त्यात रीवा-वाराणसीकडे त्या दिवसांत सकाळी दाट धुकं असतं, आठ-नऊपर्यंत गाडी हाकण्यात अर्थ नाही. उरले कसेबसे सहा तास. त्यात माणूस अडीचशे किलोमीटर जातो, फार तर तीनशे.

तेव्हा सात दिवस ठरले. पहिला मुक्काम सोलापूर, दुसरा नांदेड, तिसरा रामटेक. हा सगळा आपला रत्नागिरी–नागपूर रस्ता. आंबा घाट चढला की कोल्हापूर, सांगली, आपलीच माणसं. सांगलीला माझ्या माहेरी दुपारचं जेवण. हा पहिला टप्पा लांब, पण रस्ता ओळखीचा आणि सूर्यही आपल्याकडचा, उशिरा मावळणारा. रामटेकला शांतिनाथांचं दर्शन. चौथ्या दिवशी जबलपूर, तिथे नणंदेचं घर. पाचवा रीवा. सहावा वाराणसी, जिथे भेलूपूरला पार्श्वनाथ भगवंतांचा जन्म झाला. सातव्या दिवशी जुन्या ग्रँड ट्रंक रोडनं डुमरी आणि तिथून आत मधुबन. ज्यांचं जन्मस्थान आदल्या दिवशी पाहायचं, त्यांच्याच निर्वाणाच्या टोंकाखाली दुसऱ्या दिवशी मुक्काम. हे ऐकल्यावर ह्यांनी चार दिवसांचा हट्ट सोडला.

स्वयंपाकाचं असं ठरवलंय. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवस. जाताना दळून नेलेलं पीठ जेमतेम पोचेल, म्हणून गहू निवडून, धुऊन, वाळवून वेगळे बांधलेत. ते जबलपूरला नणंदेच्या घरघंटीवर दळायचे. पहिल्या दिवसासाठी दुधातल्या दशम्या. पुढे रोज सकाळी मुक्कामी ताजं करायचं, मूगडाळ-भात किंवा पोळी आणि दुधी. छोटी शेगडी, कुकर, तवा एवढंच सामान. मधल्या भुकेला बिनलसणाचं भडंग आणि राजगिऱ्याचे लाडू. लोणचं नाही, कांदा-बटाटा तर नाहीच.

पाण्याचं जास्त सांभाळावं लागतं. नुसतं गाळलेलं पाणी दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं चालतं. उकळलेलं चोवीस तास. म्हणून रोज पहाटे मुक्कामीच दिवसभराचं उकळून दोन स्टीलच्या कॅनमध्ये भरायचं. जाड दुपदरी फडकी चार घेतलीत. एक ओलं असेल तर दुसरं हाताशी हवं. फडक्यावरची जीवाणी जिथलं पाणी तिथेच परत सोडायची, म्हणून पाणी मुक्कामाच्या विहिरीवर किंवा नळावरच गाळायचं, धावत्या गाडीत नाही.

हे सगळं कागदावर बसलं. बसेना ती एकच गोष्ट, डोली.

डोंगर सुमारे १,३६५ मीटर उंच, झारखंडातला सर्वांत उंच. वंदना २७ किलोमीटरची: नऊ चढ, नऊ टोंकांची फेरी, नऊ उतार. डॉक्टरांनी चालायला साफ नको सांगितलंय. गुडघे चढताना गप्प असतात, उतरताना बोलतात. आणि सासूबाई डोलीत बसायला तयार नाहीत. "माझ्या पुण्यासाठी दुसऱ्यानं का दमायचं? आणि खांदा एकदाच द्यायचा असतो गं, त्याला अजून वेळ आहे," म्हणाल्या. सगळे हसले, मला हसू येईना. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या बाईनं जन्मभर गाळलेल्या पाण्यातले जीव जपले, तिला माणसाच्या खांद्यावर बसणं कसं सोपं जाईल?

नणंदेनं फोनवर दुसरी बाजू सांगितली. "आई, त्यांचं घर त्यावर चालतं. तू बसली नाहीस तर त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडेल. त्यात कसली दया?" सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मीही विषय काढला नाही. खाली मधुबनच्या मंदिरांतून भाववंदना करता येते, हेही त्यांना ठाऊक होतं. निर्णय त्यांचाच असायला हवा होता.

तिसऱ्या दिवशी सामायिक आटोपून त्यांनीच सांगितलं. गंधर्व नाल्यापर्यंत जमेल तेवढं पायी. पुढे डोली. वर जिथे वाट सपाट असेल तिथे उतरून चालायचं. डोंगरावर आपण काही खात नाही, पण डोलीवाल्यांनी पहाटे निघण्याआधी पोटभर खाल्लेलं असलं पाहिजे, ते आपल्याकडून. आणि मजुरीत घासाघीस करायची नाही, हे मुलाला बजावून.

त्यामुळे आमच्या यादीत आता एक ओळ वाढलीय: डोलीवाल्यांसाठी शिरा, रवा अर्धा किलो जास्त. मधुबनला तीन दिवस ठेवलेत, एक प्रवासाचा शीण घालवायला, एक वंदनेचा, एक गुडघ्यांचा.

तुमच्या घरातही कुणी मोठं माणूस "आता कुठे जाणार" म्हणत बसलं असेल, तर आधी त्यांच्या जेवणाची वेळ लिहा, मग किलोमीटर मोजा. प्रवास लांबतो, पण त्यांना झेपेल असा होतो.

सासूबाईंनी आजपासून प्रत्येक टोंकावर वाहायचे तांदूळ निवडायला घेतलेत. अखंड दाणा तेवढाच डब्यात जातोय.

जय जिनेंद्र.