घट

सोन्याचं काम करणारा कारखाना बंद होतो तेव्हा शेवटी काय विकलं जातं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आधी यंत्रं जातात, मग तराजू, मग तिजोरी. त्यानंतर फरशी खरवडतात. कारागीर वीस-वीस वर्षं ज्या पाटावर बसला तो पाट, दारातलं पायपुसणं, हात धुवायच्या टाकीतला गाळ, सगळं पोत्यात भरून आमच्यासारख्यांकडे येतं. ते जाळायचं, राख चाळायची, धुवायची, आटवायची. त्या काळ्या चिखलातून सोनं निघतंच. जुन्या काळी हे धुण्याचं काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणत. माझं काम त्याच्या पुढच्या पायरीचं, गलाईचं, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करायचं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कलकत्त्याच्या डमडममधलं भाताचं हॉटेल बंद झालं. तिथली फरशी कुणी खरवडली नाही.

मी मूळचा खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, ऊस दिसतो. माझ्या लहानपणी दिसायची ती कुसळं आणि गलाईवाल्यांची बंद घरं. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, इकडे माण-खटाव, या पट्ट्यातला पोरगा मिसरूड फुटायच्या आत कुठल्यातरी पाव्हण्याच्या दुकानी परमुलखात जाणार हे ठरलेलंच. देशातल्या कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात भट्टीपाशी आमच्याकडचा माणूस भेटतो. मी 1990 साली कलकत्त्याला आलो, सोळा वर्षांचा. त्याच वर्षी सरकारने सुवर्ण नियंत्रण कायदा उठवला होता आणि बाजारात सगळे खुशीत होते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला भूक लागली होती.

दुकान डमडमजवळच्या सिंथीला, झोपायचं दुकानातच. पाव्हण्याने पहिल्या आठवड्यात एकदा डमडम रोडवरून आत वळणाऱ्या गल्लीत नेलं. पत्र्याचं छत, सहा बाकं, दारात खडूने लिहिलेली काळी फळी. पाटीवरचं नाव कुणी घेत नसे. 'बौदीचं हॉटेल' एवढंच. बौदी म्हणजे वहिनी. मालक होते दादा, गल्ल्यावर बसायचे. पण हॉटेल वहिनींचं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

अशा खानावळींना कलकत्त्यात पाइस हॉटेल म्हणतात. रुपयाचे चौसष्ट पैसे होते तेव्हाचं नाव, आणि तेव्हाचीच पद्धत. थाळी नाही. भात वेगळा, डाळ वेगळी, भाजी वेगळी, लिंबाची फोडसुद्धा वेगळी. खाल तेवढ्याचे पैसे. रासबिहारीच्या बाजूचं तरुण निकेतन 1915 पासूनचं आहे, कॉलेज स्ट्रीटजवळचं स्वाधीन भारत हिंदू हॉटेलही असंच जुनं. त्यांच्यावर लेख येतात, परदेशी पाहुणे येऊन पानावर जेवतात. आमच्या हॉटेलावर कधी कुणी काही लिहिलं नाही. लिहावं असं काही तिथे नव्हतंही. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार 2015 साली बंद झालं तेव्हा चित्रकारांनी, लेखकांनी आठवणी लिहिल्या. इथे जेवणारे ऑटोवाले, टाइल्स बसवणारे, औषधाच्या दुकानातले, आणि मी.

पहिल्या दिवशी पानात आधी कडू भाजी पडली. शुक्तो. कारलं, शेवगा, कच्चं केळं, वर दुधाचा हात. मी ती बाजूला सारली. मग डाळ आली, ती गोड. माझे वडील माळकरी; मासा मी तोवर नीट पाहिलाही नव्हता. समोर पारशे माशाचं पातळ कालवण, डोक्यासकट. मी भात आणि मीठ खाऊन उठलो. दुसऱ्या दिवशी वहिनींनी न विचारता बटाट्याची पोस्त, म्हणजे खसखस, घातलेली भाजी आणि बडीशेप-हिंगाची उडदाची डाळ वाढली. उडीद ओळखीचा निघाला. तिथून मी मासे खायला शिकेपर्यंत वर्ष गेलं, शुक्तो आवडायला सात-आठ.

ठाकूर, म्हणजे स्वयंपाकी, ओडिशातला. कलकत्त्याच्या जुन्या खानावळींतले बरेच ठाकूर तिकडचेच. मी 'बोंबेर दादा'. विटं आणि मुंबई यांतला फरक समजावून सांगायचा नाद मी लवकर सोडला. ठाकूर कधीकधी मला 'बर्गी' म्हणायचा, म्हणजे लुटारू मराठा स्वार. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगाल दहा वर्षं लुटला, त्यांच्या भीतीने इंग्रजांनी 1742 साली कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, आणि इथल्या आया अजून पोरांना बर्गीच्या नावाने झोपवतात, हे मला आमच्या शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. ते मी या बाकावर शिकलो. जास्तीचा भात मागितला की ठाकूर म्हणायचा, बर्गी आला, कोठार संभाळा.

डमडम म्हटलं की बाहेरच्याला विमानतळ आठवतो, नाहीतर इथल्या कारखान्यात निघालेली ती कुप्रसिद्ध बंदुकीची गोळी. हॉटेलात बसलं की वेगळं डमडम समजायचं. दादा सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या वेळी गिऱ्हाईक म्हणजे जेसपमध्ये रेल्वेचे वॅगन बांधणारे आणि ग्रामोफोन कंपनीतले कामगार. एक म्हातारे गृहस्थ रोज एकाच कोपऱ्यात बसत, तबकड्या दाबायच्या खात्यातले. मी मराठी म्हटल्यावर ते हसले. मराठीचा एक शब्द न कळता त्यांनी हजारो मराठी तबकड्या हाताखालून घातल्या होत्या. आमच्या गावच्या चावडीवर वाजणारी नाट्यगीतं या गल्लीत जेवणाऱ्या हातांनी दाबलेली असतील, हे मला कितीतरी दिवस पुरलं.

आता माझ्या धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गिऱ्हाईक जुना दागिना आणतो. त्यात सोनं, तांबं, चांदी, डाग, मळ. ते चांदीबरोबर आटवायचं, सोनं एक भाग तर चांदी तीन भाग, म्हणजे सोनं चौथाईवर येतं. तो रस पाण्यात ओतला की रवा पडतो. रवा नायट्रिकमध्ये उकळला की चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाशी विटकरी भुकटी उरते. पहिल्यांदा पाहणारा म्हणतो, ही माती कसली? ती धुवायची, टाकणखार घालून मुशीत आटवायची. रस साफ झाला की त्याचा रंग हिरवट दिसतो. तो क्षण डोळ्यांनीच ओळखावा लागतो.

या सगळ्यात जे कमी होतं ती घट. दहा ग्रॅम आणलेलं साडेआठ भरलं तर दीड ग्रॅम कुठे गेलं? डागात होतं, मळात होतं, की गलाईवाल्याच्या खिशात? म्हणून आमच्यात एक रीत आहे. चांगला गलाईवाला भट्टी पेटवायच्या आधी घट सांगतो. कसोटीवर ओढतो, ॲसिडचा थेंब टाकतो, दागिना तळहातावर झेलतो आणि आकडा बोलतो. आटल्यावर तोच आकडा आला पाहिजे. माझ्या पाव्हण्याचा दोन-तीन गुंजांच्या पलीकडे कधी चुकला नाही. हल्ली एक्स-रेचं यंत्र मिनिटभरात छापील चिठ्ठी देतं. 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि गिऱ्हाईक आता माझ्याकडे न बघता चिठ्ठीकडे बघतं. चिठ्ठी बरोबर असते, तक्रार नाही.

वहिनी भात लावायच्या आधी घट सांगायच्या.

हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. सकाळी आठला त्या दारात उभ्या राहून गल्लीच्या तोंडाकडे बघायच्या. मग ठाकुराला तांदळाच्या डब्यांचा आकडा सांगायच्या. गुरुवार असेल तर मासे कमी, लक्ष्मीचा वार. ईस्ट बंगाल आणि मोहनबागानचा सामना असेल तर दुपारी दोननंतर झुंबड. सियालदाची लोकल अडली असेल तर दीड डबा कमी. आभाळ भरून आलं की खिचडी, आणि खिचडीला माणूस नेहमीपेक्षा जास्त खातो हेही हिशोबात. महिनाअखेरीला मासा कमी, भात जास्त. दुपारी साडेतीनला पातेल्यात तिघांपुरता भात उरलेला असायचा: ठाकूर, पोऱ्या आणि त्या. तेवढाच. मी मुद्दाम उशिरा जाऊन पाहिलंय. तीस वर्षांत भात संपल्याचं मी चारदा पाहिलं असेल.

लोक म्हणायचे, बौदीच्या हाताला चव आहे. मला ते तितकंसं पटलं नाही. हात ठाकुराचा होता, आणि तोही फार मोठा कलावंत नव्हता. हिल्सा तर तो हमखास जास्त शिजवायचा. मोहरीचं तेल धुरावलं की फोडणी घालायची, मासा हळद-मीठ लावून तळून घ्यायचा, एवढं बंगालात कुणालाही येतं. अवघड होता तो सकाळचा आकडा. त्या आकड्यावर हॉटेल चाललं. भाताला नफा नसतोच, तो वाया न जाण्यातच काय असेल ते असतं.

दादा 2016 साली गेले. वहिनींनी शांखा-पोला, म्हणजे सवाष्णीच्या पांढऱ्या-तांबड्या बांगड्या, उतरवल्या. गल्ल्यावर बसायला लागल्या. आकडा सांगणं तसंच.

मग 2020. मार्चमध्ये सगळं बंद झालं. ठाकूर गावी जाऊ शकला नाही, हॉटेलातच राहिला. 20 मेच्या रात्री अंफान वादळाने छताचे पत्रे उडवले, दोन तर मागच्या तळ्यात सापडले. जूनमध्ये वहिनी माझ्या दुकानी आल्या, पहिल्यांदाच. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याकडे, त्या माझ्याकडे कधीच नाही. पदरातून दोन बांगड्या काढल्या, आणि त्यांची नोआ. नोआ म्हणजे सवाष्णीचं लोखंडी कडं, त्यावर सोन्याचा पत्रा मढवलेला. ठाकुराचा तीन महिन्यांचा पगार आणि छत, दोन्ही करायचं होतं.

मी कसोटीवर ओढलं. घट सांगितली. त्यांनी विचारलं, "इतकी?" बांगड्यांचे डाग जुन्या पद्धतीचे होते, मी समजावलं. त्या म्हणाल्या, ठीक आहे, भाताचंही असंच असतं, पेज जाते. नोआवरचा पत्रा मी त्यांच्या समोर सोडवला. लोखंड हातात घेऊन विचारलं, याचं काय करू? त्यांनी ते घेतलं, रुमालात बांधलं आणि गेल्या. आटणीनंतर आकडा बरोबर निघाला. मजुरी मी घेतली नाही असं इथे लिहिलं तर शोभून दिसेल, पण त्यांनी ती मोजून दिली आणि मी घेतली. धंद्यात दुसरं काही केलेलं त्यांना आवडलं नसतं.

त्या बांगड्यांवर हॉटेल आणखी चार वर्षं आणि वर काही महिने चाललं. नंतर जे झालं ते कलकत्त्याच्या कुठल्याही गल्लीत होतं. जागा प्रोमोटरला गेली, इथे बिल्डरला प्रोमोटर म्हणतात. मुलगी बंगळुरूला, तिचा आग्रह. पोस्त किलोला हजाराच्या पुढे गेलेलं, गॅस तसाच, आणि ऑटोवाल्यांची तरुण पोरं मोबाइलवरून बिर्याणी मागवणारी. वहिनी कुणाला दोष देत बसल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या.

शेवटचा दिवस रविवार होता. बातमी पसरली होती. मी बाराला गेलो तर गल्लीच्या तोंडापर्यंत माणसं. मला वाटलं, आज भात संपणार. वहिनींनाही तसंच वाटलं असणार. सकाळी त्यांनी नेहमीच्या दुपटीने डबे सांगितले होते. पण आलेली माणसं जेवायला आलेली नव्हती. कुणी लहानपणी वडिलांबरोबर यायचं, कुणी वीस वर्षांनी सॉल्टलेकहून गाडी घेऊन आलं होतं. बाकावर बसायचे, फोटो काढायचे, दोन घास खाऊन डोळे पुसत उठायचे. रोजचे गिऱ्हाईक गर्दी पाहून परत गेले. साडेतीनला मोठं पातेलं अर्ध्याच्या वर भरलेलं होतं.

वहिनी झाकण काढून कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "हिशेब मिललो ना," हिशोब जुळला नाही, एवढंच म्हणाल्या.

भात रात्री पाण्यात घातला. सोमवारी सकाळी ठाकूर, वहिनी, शेजारचा इस्त्रीवाला आणि मी, असे चौघे तो पांता भात खायला बसलो, कच्चा कांदा, हिरवी मिरची, वर कच्चं मोहरीचं तेल. माझं नाक तीस-पस्तीस वर्षांच्या नायट्रिकच्या धुराने केव्हाच गेलेलं आहे. वास असा मला येत नाही. मोहरीची तेवढी झणक डोळ्यांपर्यंत चढते, म्हणून कळतं. ठाकूर जेवून उठला आणि सरळ हावड्याला गेला.

भांडी भंगारवाल्याने वजनावर नेली. काळी फळी कुणीतरी उचलली. वहिनींनी मला शीळ दिली, मसाला वाटायचा पाटा. इथल्या पाट्यांवर टाकी लावणारा नुसते टवके काढत नाही, मासा कोरतो. हिच्यावरचा मासा झिजून शेपूट तेवढी राहिलेली. वहिनी म्हणाल्या, मुलीच्या फ्लॅटमध्ये मिक्सर आहे, तुझी बायको अजून वाटते ना?

मी ती ऑटोत पायांशी ठेवून घरी आणली. बायकोने राखेने घासली, चिंचेने घासली, दोन दिवस उन्हात ठेवली. मग शेंगदाण्याची चटणी वाटली, गावाकडून आलेल्या तिखटाची. पहिला घास घेऊन ती थांबली. म्हणाली, हिला मोहरीचा वास येतोय.

मी चटणी भाकरीवर घेतली आणि झणक वर चढायची वाट पाहिली. चढली नाही. दुसऱ्या खेपेलाही ती म्हणाली, येतोय, कमी झालाय. तिसऱ्या खेपेला तिने नुसतं तोंड वाकडं केलं, म्हणजे होता.

परवा गल्लीतून टाकीवाला ओरडत गेला. मासा पुन्हा कोरून घेऊ या का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आज वास आला का ते आधी सांग.