रक्ताची साक्ष

रक्तांत कांहीं सांपडलें नाहीं म्हणजे रोगच नाहीं, अशी समजूत सुशिक्षित घरांतहि आम्हांस आढळते. अश्रु व लाळ यांच्या ग्रंथींवर शरीर स्वतःच उलटतें, त्या श्योग्रेनच्या रोगांत ही समजूत फार जाचक होते. स्वीडनमधील नेत्रवैद्य हेन्रिक श्योग्रेन यांनीं १९३३ सालीं १९ स्त्रियांची हकीकत प्रबंधांत मांडली, तेव्हां ‘रो’ व ‘ला’ या प्रतिपिंडांचें नांवहि कोणास ठाऊक नव्हतें. तीं नांवें पुढें रुग्णांच्याच नांवांच्या आद्याक्षरांवरून पडलीं.

आमच्या आप्तांतील एका बाईंना पाण्यावांचून घांस गिळवत नसे, डोळ्यांत वाळू खुपल्यासारखें होई. ‘रो’ नाहीं, म्हणून घरच्यांनीं तें मनाचें दुखणें ठरविलें! अखेर ओठांतील लहान लालाग्रंथी काढून तपासल्या, तेव्हां रोग दिसला. उलटपक्षीं कित्येकांच्या रक्तांत हीं प्रतिपिंडें लक्षणांच्या आधीं वर्षानुवर्षें निमूट वावरतात. आणि त्यांचा आंकडा चढला म्हणून कोरड वाढतेच, असेंहि नाहीं.

तरी तीं निरर्थक नव्हेत. ‘रो’ वारेंतून गर्भाकडे जातें, आणि अशा मातांच्या शंभरांतील १-२ अर्भकांच्या हृदयांत ठोक्यांची वाट अडते. मातेला स्वतःला कसलीच तक्रार नसली तरीहि. म्हणून चौथ्या-पांचव्या महिन्यापासून वैद्य गर्भाचे ठोके तपासूं लागतात.