यंत्राचा ठेका

तबल्याची जोडी गवसणींत घालून कपाटावर ठेवली, त्याला आतां दोन वर्षें होत आलीं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा हात सहीपुरता सुधारला. परंतु चांटीवर बोट टाकून स्वच्छ 'ना' काढण्याची शक्ति त्यांत राहिली नाहीं. घरांतील मंडळी माझ्यादेखत गाण्याची गोष्टहि काढीनाशी झाली. अशा स्थितींत संगणकावर गाणीं रचणारा माझा भाचा एके दिवशीं आपलें यंत्र मजपुढें मांडून म्हणाला, "मामा, ठेका हातांत नसला तरी डोक्यांत आहे ना? मग बसा."

पडद्यावर चौकटींची एक जाळी असते. काळ डावीकडून उजवीकडे सरकतो, आणि प्रत्येक वाद्याला एक आडवी ओळ दिलेली असते. किक म्हणजे पायानें वाजवावयाचा मोठा ढोल, स्नेअर म्हणजे खालच्या तोंडाला तारा लावलेला कडकडीत ढोल, आणि हाय-हॅट म्हणजे एकमेकींवर मिटणाऱ्या झांजा. हव्या त्या चौकटींत खूण केली, कीं त्या क्षणीं तें वाद्य वाजतें. खंडांतील सोळा चौकटी पाहून मला त्रिताल भेटल्याचा आनंद झाला. पण त्या मात्रा नव्हत, चार मात्रांच्या चतुर्थांश आहेत, हें मागाहून कळलें.

पहिला ठेका मीं तासाभरांत रचला. पहिल्या व तिसऱ्या मात्रेला किक, दुसऱ्या व चौथ्या मात्रेला स्नेअर, वर आठ वेळां हाय-हॅट. त्यांत चूक कांहींच नव्हती, आणि ऐकवत मात्र नव्हतें! पुण्याच्या तांबट आळींतून चालल्याचा भास झाला.

"मामा, सगळे ठोके एकाच जोराचे दिलेत. तबल्यावर असे देत होतां काय?"

१९८३ सालीं प्रचारांत आलेल्या मिडी ह्या संकेतानुसार प्रत्येक ठोक्याचा जोर १ ते १२७ ह्या आंकड्यांनीं सांगावा लागतो. मीं हाय-हॅटला आळीपाळीनें नव्वद आणि पंचावन दिले. स्नेअरच्या मुख्य ठोक्यांच्या मध्यें पंचवीस-तीस जोराचे पुसट ठोके पेरले. त्यांना घोस्ट नोट म्हणतात. बायांवर हात घांसून आपण जागा भरतों, त्याच जातीचे. खऱ्या ढोलांचे ध्वनिमुद्रित ठोके वाजविणारें पहिलें यंत्र रॉजर लिन ह्यांनीं १९८० सालीं काढलें. दर दुसरी चौकट किंचित् उशिरा वाजविण्याची सोय त्यांतहि होती. तेवढा उशीर देतांच ठेका झुलूं लागला, आणि माझी मान आपोआप हलली.

पुढें भाच्यानें बोटांनीं वाजवावयाच्या रबरी चौकोनांचें एक लहानसें साधन आणून दिलें. डावा हात शाबूत होता. मिनिटाला नव्वद मात्रांची टिकटिक कानांत घेऊन मीं चार खंड, म्हणजे मनांतल्या त्रितालाचें एक आवर्तन, वाजविलें. पडद्यावर पहिले दोन खंड रेषांना धरून होते. तिसऱ्यांत मात्र बहुतेक ठोके रेषेच्या अलीकडेच पडलेले! पुनः वाजविलें. पुनः तेंच.

वाचकहो, येथें मला घाम फुटला. तिसरा खंड म्हणजे नववी मात्रा, खाली. तीस वर्षांपूर्वीं घरच्या बैठकींत दादा गात असतांना चारचौघांदेखत म्हणाले होते, "खाली आली कीं तूं पळतोस." मीं तबला मिटला तो दादांपुरता कायमचाच. पत्रव्यवहार लग्नमुंजींपुरता उरला. इतरांच्या साथीला मी हौसेनें बसत असें, आणि ते कोणी कांहीं बोलत नसत, ह्याचा अर्थ मीं माझ्या सोयीचा लावला होता.

क्वांटाइझ नांवाचें एक बटण असतें. तें दाबलें, कीं चुकार ठोके मुकाट्यानें जवळच्या रेषेवर जाऊन बसतात. भाच्याचा हात तिकडे गेला. मीं तो धरला. तो खंड होता तसाच ठेवून, माझें नांवगांव न घालतां, ती चकती मीं दादांच्या नातवाकडे पाठविली.

चौथ्या दिवशीं रात्रीं दूरध्वनि वाजला. दादांचा आवाज फार बारीक झाला आहे.

"ऐकलें रे," ते म्हणाले. "अजून पळतोस."